नोंद क्रमांक २१४

नवा कॉम्प्युटर घरात येऊन तेरा दिवस झाले होते. त्याला हळदकुंकू लागलं होतं, पुढ्यात नारळ फुटला होता, आणि तरीही अंबादास जकातदारांचा ट्रक आचके देत चालायचा तो चालायचाच. आचके म्हणजे साधेसुधे नव्हेत. समोर रस्ता दिसायचा, मग तोच रस्ता दिसायचा, मग परत तोच, आणि मग एकदम ट्रक कुठल्यातरी गव्हाच्या शेतात उभा असायचा. मध्ये काय घडलं हे जकातदारांना शेवटपर्यंत कळत नसे. छत्तीस वर्षं एका सरकारी खात्यात अव्वल कारकुनी केल्यामुळे मधलं काही न कळता शेवट हातात येण्याची त्यांना सवय होती, पण ती फायलींच्या बाबतीत. ट्रकचं तसं चालत नाही.

हा ट्रक खरा नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. जकातदारांनी आयुष्यात स्कूटरच्या पुढे काही चालवलेलं नाही, आणि स्कूटरही अशी चालवली की मागून येणाऱ्या रिक्षावाल्यांनी त्यांच्या कुळाचा उद्धार केला. साठी ओलांडल्यावर त्यांना ट्रकचा नाद लागला तो मुलीमुळे. अदिती जर्मनीत. दोन वर्षांसाठी म्हणून गेली, त्याला आता सहा वर्षं होत आली. सुरुवातीला दर रविवारी व्हिडिओ कॉल व्हायचा. "जेवलीस का?" "जेवले." "थंडी आहे का?" "आहे." "बाकी काय?" "बाकी काही नाही." मग ती, जकातदार आणि त्यांची बायको नंदिनीबाई असे तिघंही एकमेकांकडे बघत बसायचे, आणि फोन ठेवताना प्रत्येकाला हायसं वाटायचं आणि त्याची लाजही वाटायची.

दोन वर्षांपूर्वी अदितीनंच युक्ती काढली. ट्रक चालवायचा एक गेम होता. तिनं तिकडून एक ट्रक घ्यायचा, बाबांनी इकडून एक, दोघांनी एकामागे एक चालवायचे आणि माइकवरून बोलत राहायचं. तोंडाकडे बघायचं नाही, रस्त्याकडे बघायचं. आणि काय सांगावं, मुलगी बोलायला लागली. ऑफिसचं बोलली, खाष्ट घरमालकिणीचं बोलली, पहिल्या हिवाळ्यात रोज संध्याकाळी रडायचे हेसुद्धा सहज बोलून गेली. समोरासमोर हे ती सात जन्मांत बोलली नसती. रविवारी दुपारचा दीड, म्हणजे तिकडचे सकाळचे दहा, ही वेळ ठरली. नंदिनीबाई शेजारी खुर्ची टाकून बसत आणि "हळू चालवा" असं दोन्ही ट्रकना बजावत.

पण जुना कॉम्प्युटर म्हातारा झाला होता. पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा दिसायचा. एका सेकंदात किती चित्रं उमटतात, त्याचा तो आकडा. साठ असला तर रस्ता पाण्यासारखा वाहतो, तीस असला तर भागवून घ्यायचं. जुन्यावर सहा होता. म्हणून जकातदारांनी दोन पंख्यांचं ग्राफिक्स कार्ड असलेला नवा, दणकट कॉम्प्युटर घेतला. त्यावर नऊ आला. प्रगती झाली नाही असं म्हणता येणार नाही.

नव्यावरच्या पहिल्याच रविवारी, ट्रक तिसऱ्यांदा शेतात गेल्यावर, अदिती म्हणाली, "बाबा, एक महत्त्वाचं सांगायचं होतं. पण असं तुटक तुटक नको. तुमचं ते आधी नीट होऊ दे."

"अगं, मग फोनवर सांग."

"फोनवर नको. ट्रकमध्येच सांगते."

त्या क्षणापासून घरातली शांतता गेली. नंदिनीबाईंनी मनातल्या मनात जावई ठरवला आणि तो उंच आहे हेही ठरवलं. जकातदारांनी मनातल्या मनात आजार ठरवला. दोघांनीही एकमेकांना काही सांगितलं नाही. नऊचे साठ झाल्याशिवाय मुलीच्या पोटातलं बाहेर येणार नव्हतं, एवढंच दोघांना समजलं होतं.

आता हा नऊ कुठून आला, ते पुढे कळेलच. पण जकातदारांच्या हातून काही हयगय झाली असेल असा संशय कुणाला आला असेल, तर तो आत्ताच काढून टाकावा. नवं मशीन आलं तेव्हा कृष्णात, म्हणजे शाहूपुरीतला कॉम्प्युटरचा दुकानवाला, म्हणाला होता, "काका, गेम नवीन टाकून देतो की. अर्ध्या तासाचं काम." जकातदारांनी साफ नकार दिला. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर काम जातं तेव्हा चार्ज द्यावा लागतो. यादी करून, मोजून, सही घेऊन. त्यांनी जुन्या मशीनमधलं गेमचं फोल्डर फाइल बाय फाइल नव्यात आणलं आणि प्रत्येक फाइलची रजिस्टरात नोंद केली. अनुक्रमांक, फाइलचं नाव, शेरा. जुन्या मशीनच्या नोंदी त्याच रजिस्टरात मागे होत्याच, त्यातले शेरे त्यांनी जसेच्या तसे उतरवले. नक्कल करताना मजकूर वाचायचा नसतो, वाचला की चुका होतात, हा खात्यातला नियम. सहाशे बारा नोंदी झाल्या. चार दिवस लागले. शेवटी 'चार्ज देणार' इथे त्यांनी सही केली आणि 'चार्ज घेणार' इथेही त्यांनीच केली.

ते रजिस्टरही नवं नव्हतं. सहा वर्षांपूर्वी अदिती गेली त्या दिवशी ते सुरू झालं होतं. पहिल्या पानावर तिच्या खोलीतल्या वस्तूंची यादी होती. टेबल एक, कपाट एक, बॅडमिंटनची रॅकेट एक, तार तुटलेली. वर मथळा होता : 'तात्पुरता ताबा.' कॉम्प्युटर त्याच खोलीत, त्याच टेबलावर होता, आणि रॅकेट भिंतीवर.

शेजारचे हंबीरराव हे या प्रकरणात पहिल्या दिवसापासून होते. त्यांचा उचगावला म्हशींचा गोठा होता, आणि जगातल्या कुठल्याही बिघाडाचा उलगडा त्यांना गोठ्यात सापडायचा. रोज सकाळी कंपाउंडवरून ते विचारायचे, "जकातदार, आज किती?"

"नऊ."

"तापतंय त्ये. माझं ऐका. म्हस तापली की दूध कमी देती का न्हाय? तुमचं मशीन तापलंय, म्हून चित्रं कमी देतंय. गार करा की त्येला."

यात खोट काढायला जागा नव्हती. जकातदारांनी मशीनची एक बाजू उघडली आणि समोर टेबलफॅन लावला. खिडकीला ओलं पोतं बांधलं. ते वाळलं की ओलं करायची जबाबदारी हंबीररावांनी आपण होऊन घेतली, आणि ते दिवसातून चार वेळा बादली घेऊन येत आणि चहा पिऊन जात. तीन दिवसांनी मशीन बर्फासारखं गार होतं आणि आकडा नऊ होता. फरक पडला तो नंदिनीबाईंना. त्यांना सर्दी झाली.

"मग लाईट," हंबीरराव म्हणाले. "व्होल्टेजच न्हाय तर त्ये तरी बिचारं काय करंल? अर्ज द्या की. तुमचा हात धरनार हाय काय कोन अर्जात?"

हे मात्र जकातदारांच्या वर्मी लागलं. निवृत्तीनंतर त्यांच्या हातून एक धड अर्ज लिहून झाला नव्हता. त्यांनी वीज कार्यालयाला असा अर्ज लिहिला की वाचणाऱ्यानं उभं राहून वाचावा. विषय, संदर्भ, सहपत्रं, प्रत माहितीसाठी रवाना. अर्जाला किमान तीन महिने लागतात हे त्यांना अनुभवानं माहीत होतं, त्यामुळे अर्ज देऊन ते निर्धास्त झाले. आणि इथंच घात झाला. पुढच्याच रविवारी, दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी, एक अभियंता आणि दोन वायरमन शिडी घेऊन दारात हजर झाले.

"अर्जदार जकातदार कोण?"

अर्जदारांनी ओळख दिली. अभियंता म्हणाला, तपासणीसाठी गल्लीची लाइट बंद करावी लागेल, नियम आहे. नियम आहे म्हटल्यावर जकातदार काय बोलणार? गल्लीची लाइट बंद झाली ती तीन तास बंद राहिली. त्या दिवशी क्रिकेटचा मोठा सामना होता. थोड्या वेळानं गल्लीतले पुरुष बनियनवर रस्त्यात उतरले आणि कुणाच्या अर्जामुळे हे झालं, याची चौकशी करू लागले. अभियंत्यानं प्रत्येकाला अर्ज दाखवला. अक्षर सुंदर होतं, नाव लांबूनही वाचता येत होतं.

शेवटी व्होल्टेज उत्तम निघालं. फक्त हंबीररावांच्या परसात दूध गार करायचं एक मोठं मशीन घरगुती मीटरवर चालताना सापडलं. त्यांना नोटीस निघाली.

हंबीरराव दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी कंपाउंडपाशी येऊन उभे राहिले. "जकातदार, तुमच्यावर केसच करनार हुतो. वकिलाकडं जाऊनबी आलतो." मग थोडं थांबून म्हणाले, "आज किती?"

त्या रविवारी अदितीनं तिकडे गेममधल्या एका पेट्रोल पंपावर अर्धा तास ट्रक उभा करून वाट पाहिली होती. फोनवर जकातदार म्हणाले, लाइट गेली. ती म्हणाली, "बरं. पुढच्या रविवारी." तिच्या त्या 'बरं'मध्ये राग नव्हता. राग असता तर जकातदारांना बरं वाटलं असतं. तिच्या आवाजात सुटका झाल्यासारखं काहीतरी होतं, आणि ते का, हे त्यांना कळेना.

मग मशीन शाहूपुरीला न्यायचं ठरलं. स्कूटरवर पुढे जकातदार, मागे नंदिनीबाई, आणि त्यांच्या मांडीवर गोधडीत गुंडाळलेलं मशीन. सिग्नलला एक बाई वाकून बघायला लागल्या. "दवाखान्याला काय?" त्यांनी काळजीनं विचारलं. नंदिनीबाई म्हणाल्या, "हो, तसंच म्हणायचं."

कृष्णातनं मशीन जोडलं, आपल्याजवळच्या डिस्कवरचा आपला गेम लावला आणि आकडा दाखवला. एकशे बारा.

"काका, झकास हाय की. कुठं काय आडतंय?"

घरी आणून लावलं. नऊ.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गोधडी, पुन्हा स्कूटर, पुन्हा एकशे बारा. घरी पुन्हा नऊ. तिसऱ्या खेपेला कृष्णातनं स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला आणि मोठ्या आदरानं म्हणाला, "काका, राग मानू नका. पण मशीनमधी कायबी न्हाय. तुमच्या घरातच कायतर हाय."

जकातदार मशीन गुंडाळू लागले. छत्तीस वर्षांत लेखापरीक्षणवाल्यांनी त्यांच्या टेबलावर एक आक्षेप काढला नव्हता, आणि आज एक पोरगेला दुकानदार त्यांच्या घरावर आक्षेप काढत होता. परत येताना त्यांनी हातानं इशारा न करता वळण घेतलं. एवढे ते दुखावले होते.

घरातच काहीतरी आहे, ही बातमी त्यांच्याआधी गल्लीत पोचली. हंबीररावांच्या आई धोंडुबाई ऐंशीच्या घरातल्या, पण कान शाबूत. संध्याकाळी त्या मीठ-मोहऱ्या आणि मूठभर मिरच्या घेऊन आल्या. "नव्या वस्तूला नजर लागती बाबा. त्यात ह्यो टेबलावर उघडाच ठेवलासा. कुनाचं डोळं कसलं, कुनाला ठावं?" त्यांनी मशीनवरून सात वेळा ओवाळून सगळं निखाऱ्यावर टाकलं. टेबलफॅन अजून चालूच होता, हे कुणाच्या लक्षात राहिलं नाही. मिरच्यांचा धूर खोलीभर घुमला. हंबीररावांसकट चौघंही डोळे पुसत अंगणात आले. धूर ओसरल्यावर जकातदारांनी आत जाऊन बघितलं. आठ.

"उतरतीया," धोंडुबाई समाधानानं म्हणाल्या.

माणूस हरला की कंपनीला पत्र लिहितो. जकातदारांनी कार्ड बनवणाऱ्या कंपनीला इंग्रजीत ईमेल केली. विषय, संदर्भ, सर्व काही. एका मिनिटात उत्तर आलं की आपली तक्रार आमच्यासाठी फार महत्त्वाची आहे, तिचा क्रमांक अमुक. जकातदार भारावले. एका मिनिटात पोच देणारं कार्यालय त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. ती पोच कुणी माणूस देत नसतो, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. पुढे कंपनीनं मशीनचा अहवाल मागवला. त्यांनी तो पान क्रमांक घालून पाठवला. कंपनीनं सांगितलं, कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्रॅम, काढून पुन्हा घाला. त्यांनी काढून पुन्हा घातला. नऊ. पण प्रत्येक उत्तर हे स्वतंत्र पत्र असावं असं त्यांचं वळण, त्यामुळे प्रत्येक वेळी नवी तक्रार उघडत गेली. पाच तक्रारी एकमेकींचा संदर्भ देत उभ्या राहिल्या. एके सकाळी कंपनीनं कळवलं की सात दिवसांत आपल्याकडून उत्तर न आल्यानं पाचही तक्रारी बंद करण्यात येत आहेत.

ते वाचून जकातदारांनी मशीन बंद केलं. 'प्रकरण दप्तरी दाखल' हे शब्द त्यांनी स्वतः लोकांच्या अर्जांवर किती वेळा लिहिले असतील, त्याला गणती नव्हती. लिहिताना हात कधी अडखळला नव्हता. पलीकडच्या टोकाला ते शब्द कसे पोचतात, हे त्यांना आज पहिल्यांदा कळलं आणि वाईट वाटलं.

"विकून टाकू," ते नंदिनीबाईंना म्हणाले. "मी थकलो. चार रविवार गेले. तिला म्हणावं, जे असेल ते फोनवर सांग."

नंदिनीबाई मटार सोलत होत्या. "एक विचारू? ती काय सांगणार आहे ते ऐकायचं नाही, म्हणून तर हे एवढं चाललं नाही ना?"

"म्हणजे मी मुद्दाम नऊवर ठेवलाय?"

"मुद्दाम नाही म्हणत. पण कृष्णातला घरी बोलवायचं तुम्हाला एकदाही सुचलं नाही. मशीन तीन वेळा माझ्या मांडीवरून गेलं. माणूस एकदा आला असता."

आणि त्यांनी मटाराच्या हातानंच फोन लावला. "कृष्णात, मशीन येणार नाही. तूच ये."

कृष्णात शनिवारी आला. दारात हंबीरराव होतेच, त्यांनी त्याला थेट खोलीपर्यंत आणून सोडलं आणि स्वतः दाराला टेकून उभे राहिले. कृष्णातनं जकातदारांना त्यांचाच गेम लावायला सांगितला. ट्रक आचके द्यायला लागला. कृष्णातनं बाजूला एक चौकट उघडली, तिच्याकडे बघितलं, आणि त्याच्या भुवया वर गेल्या.

"काका, हे बगा. प्रोसेसर शंभर टक्के. मरालंय बिचारं. आनि कार्ड एक टक्का. तुमचं कार्ड नुसतं बसून पगार खायलंय."

"खराब आहे?"

"खराब न्हाय वो. त्येला कोन कामच देईना." कृष्णातनं खुर्ची ओढून घेतली. "आसं हाय बगा. गेमला सोताला चित्र काढता येत न्हाय. त्यो फकस्त सांगतोय, हितं झाड काढ, हितं रस्ता काढ. ते सांगनं पोचवायला मधी एक फाईल असती. ती कार्डाला सांगती, कार्ड चित्र काढतंय."

"आवक-जावक कारकून."

"त्येच समजा. आता गेम ही फाईल पयलं आपल्याच फोल्डरात हुडकतोय. तिथं न्हाय मिळाली तरच विंडोजकडं जातोय. विंडोजकडं कार्डाची खरी फाईल हाय, मी सोता टाकलीया. पन तुमच्या फोल्डरात कुनीतरी दुसरीच बसवलीया. ही कार्डाला वळखतच न्हाय. सगळं काम प्रोसेसरच्या बोकांडी. माझ्या दुकानात माझा गेम, त्यात ही नव्हती, म्हून तिथं पळत हुतं." त्यानं पडद्यावर बोट ठेवलं. "ही. कुनी ठेवली ही हितं?"

जकातदारांना हे इतकं झटकन समजलं की त्यांचं त्यांनाच आश्चर्य वाटलं. खात्यात एकदा असंच झालं होतं. रिकाम्या जागेचा प्रभार तात्पुरता म्हणून एकाकडे दिला. वर्षानं त्या जागेवर नवा माणूस आला, पण तात्पुरता आदेश रद्द करायचं कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. नवा माणूस चार वर्षं पेपर वाचत बसला आणि प्रभारी दोन टेबलांचं काम उपसत राहिला. प्रभारी म्हणजे जकातदारच.

ते उठले. कपाटातून रजिस्टर काढलं, चष्मा लावला. "या घरात काय कुणी ठेवलं, त्याची नोंद असते," ते जरा ताठ होत म्हणाले, आणि बोट फिरवत खाली आले. "हं. नोंद क्रमांक दोनशे चौदा. हीच फाइल. शेरा..." आणि ते थांबले.

"वाचा की," दारातून हंबीरराव म्हणाले.

"शेरा. जुन्या संगणकास ग्राफिक्स कार्ड नसल्याने ही फाइल तात्पुरती ठेवली आहे. नवीन संगणक आल्यावर काढून टाकावी. ठेवणार, श्री. कृष्णात, शाहूपुरी."

कृष्णातनं मान खाली घालून कीबोर्डवरची धूळ पुसली. जकातदारांनी चष्मा काढून पुसला. तो शेरा त्यांनी स्वतःच्या हातानं, वळणदार अक्षरात, दोनदा लिहिला होता. एकदा दोन वर्षांपूर्वी, आणि एकदा गेल्या महिन्यात, न वाचता.

"तात्पुरतीच ठिवली हुती की मी," कृष्णात हळूच म्हणाला.

"आनि माझं मशीन पकडून दिलंसा," हंबीरराव म्हणाले.

कृष्णात फाइल डिलीट मारायला निघाला तेव्हा जकातदारांनी त्याचा हात धरला. अशी कुठलीही वस्तू एकदम नष्ट करता येत नाही. त्यांनी रजिस्टरात दोनशे चौदाच्या पुढे 'तात्पुरती व्यवस्था आजपासून रद्द' असं लिहिलं, तारीख घातली, सही केली, आणि मगच बाजूला झाले. गेम पुन्हा सुरू झाला. रस्ता पुढ्यातून वाहायला लागला. झाडं आली, गेली. कोपऱ्यात साठ.

"नाद खुळा," हंबीरराव म्हणाले आणि गल्लीला सांगायला गेले.

रविवारी दीड वाजता नंदिनीबाई नवीन साडी नेसून खुर्चीत बसल्या. पलीकडून अदितीचा पांढरा ट्रक पंपावरून निघाला, मागून जकातदारांचा निघाला.

"बाबा, आज किती?"

"साठ."

"खरंच?" तिचा आवाज जरा बारीक झाला. "मग छानच."

पहिला अर्धा तास इकडचं तिकडचं झालं. घरमालकिणीनं मांजर पाळलंय. हंबीररावांनी दुधाच्या मशीनसाठी स्वतंत्र मीटर घेतलाय. रस्ता इतका गुळगुळीत चालला होता की जकातदारांना मागचे चार रविवार खोटे वाटायला लागले. मग डोंगरातला एक बोगदा लागला, आणि बोगद्यातून बाहेर पडल्यावर अदिती म्हणाली, "बाबा, मला इथलं नागरिकत्व मिळालं."

ऐकलं ते कळायच्या आधीच जकातदारांच्या तोंडून कारकुनाचा प्रश्न गेला. "अर्ज कधी केला होतास?"

"मागच्या वर्षी. मे महिन्यात."

"वर्ष होऊन गेलं."

"हो. दर रविवारी म्हणायचे, आज सांगू. मग तुमचा ट्रक शेतात जायचा, आणि मला बरं वाटायचं. त्या दिवशी लाइट गेली तेव्हासुद्धा." तिनं गिअर बदलला. "भारताचा पासपोर्ट परत द्यावा लागतो. पुढच्या महिन्यात देईन. डिसेंबरात येणार आहे मी, महिनाभर राहीन. पण येईन ती व्हिसा काढून येईन. हे तुम्हाला फोनवर कसं सांगू?"

नंदिनीबाई आज हळू चालवा असंही म्हणाल्या नाहीत. भिंतीवर तार तुटलेली रॅकेट होती. टेबलाच्या कडेला रजिस्टर होतं, आणि त्याच्या पहिल्या पानावर काय लिहिलंय ते आज जकातदारांना न उघडता वाचता येत होतं. दोन वर्षांसाठी गेली होती. तात्पुरती म्हणूनच गेली होती. ती मोठी झाली, तिनं आपलं आपण ठरवलं, याचा त्यांना अभिमान वाटत होता, आणि त्याच वेळी समोरचा रस्ता धूसर दिसायला लागला होता.

आता एक आचका यावा असं त्यांना फार वाटलं. एकच. तेवढ्यात डोळे पुसून झाले असते. पण रस्ता थांबायला तयार नव्हता. झाडं येत होती, जात होती, ढगांच्या सावल्या शेतांवरून सरकत होत्या, आणि महिनाभर खपून आणलेलं ते सगळं पाण्यासारखं वाहत होतं. जकातदारांनी तिकडच्या नियमानं उजवा दिवा दाखवला, ट्रक रीतसर कडेला घेतला आणि हँडब्रेक ओढला.

पुढे गेलेल्या पांढऱ्या ट्रकचे मागचे दिवे लाल झाले.

"बाबा? अडकलं का?"

कोपऱ्यात साठ होता. हलत नव्हता.

"हो गं," जकातदार म्हणाले. "जरा अडकलंय."

मग तो पांढरा ट्रक भर महामार्गावर उलटा यायला लागला. महामार्गावर ट्रक मागे घ्यायचा नसतो, हे जकातदारांनी तिला आजवर पन्नास वेळा बजावलं होतं. तो हळूहळू मागे येत त्यांच्या अगदी पुढ्यात येऊन उभा राहिला.

"अडकू दे," अदिती म्हणाली. "मी थांबते."